टक लावली की तारा का सरकतो?

प्रश्न : रात्री गच्चीवर पडून एकाच ताऱ्याकडे टक लावली, की थोड्या वेळाने तो सरकू लागतो. विमान नाही, उपग्रहही नाही. नजर काढून पुन्हा पाहावं तर तारा जागेवरच. हा डोळ्यांचा दोष आहे का?

उत्तर : नाही. भर दिवसा आजूबाजूच्या वस्तू थरथरताना दिसत असतील किंवा तुमचे डोळे सतत इकडून तिकडे हलताना इतरांना दिसत असतील, तर मात्र नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

टक लावली तरी डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो. त्याला फिरवणारे सहा स्नायू सतत काम करत असतात. नजर लक्ष्यावरून हळूहळू घसरते आणि सेकंदाला साधारण एक-दोनदा बारीक झटके बसतात. हे झटके बहुधा अर्ध्या अंशाहून कमी, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीपेक्षाही लहान असतात. शिवाय याहून कितीतरी सूक्ष्म असं कंपन असतंच.

हे हलणं थांबलं तर उलट पंचाईत होईल. दृष्टिपटलातल्या पेशी मुख्यतः बदल टिपतात. १९५०च्या दशकात संशोधकांनी कॉन्टॅक्ट लेन्सला आरसा जोडून प्रतिमा डोळ्याबरोबरच हलती ठेवली, तेव्हा ती काही सेकंदांत विरून गेली. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची सावली एरवी आपल्याला दिसत नाही, ती याचमुळे.

स्वतःच्या डोळ्याचं हलणं बघायचं आहे? पांढऱ्या कागदावर रुपयाएवढं वर्तुळ काळ्या शाईने भरा, मधोमध पांढरा ठिपका सोडा. शेजारी दहा सेंटिमीटरवर बारीक काळा ठिपका काढा. चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून पांढऱ्या ठिपक्याकडे ३० सेकंद पाहा आणि मग नजर काळ्या ठिपक्यावर न्या. तिथे एक उजळ चकती तरंगेल आणि ठिपक्याच्या आसपास डुलत राहील. चकतीचा ठसा दृष्टिपटलावर पक्का असतो, त्यामुळे ती डुलते तेवढा डोळा हलतोय. चकती अस्पष्ट दिसली तर पहिल्या ३० सेकंदांत नजर भटकली असं समजा. उजेड कमी असला तर ती उमटणारच नाही.

एरवी सगळं दृश्य एकदम सरकतं, म्हणून मेंदू ती हालचाल वजा करतो. अंधारात एकट्या ताऱ्याला ताडून पाहायला शेजारी काही नसतं आणि तारा भटकतो. रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना एकाच दिव्यावर नजर खिळवू नका असं शिकवतात, ते यासाठीच. पुढच्या वेळी पाण्याच्या टाकीची कड ताऱ्याजवळ येईल असं डोकं ठेवा. त्याचं सरकणं बरंचसं थांबेल.