अनामत अडकली? आधी करार नोंदलाय का ते बघा

प्रश्न : विश्रामबागला (सांगली) भाड्याने फ्लॅट घेतला. झुरळांमुळे मुलाचा दमा बळावलाय. सहा महिने मालकांना फोनवर तक्रारी केल्या, उपयोग नाही. सातव्या महिन्यात सोडायचं म्हटलं, तर मालक म्हणतात, 'अकरा महिने राहायचं ठरलं होतं, ३० हजार अनामत विसरा.' करार ५०० च्या स्टँपवर, नोटरी केलेला. मध्येच सोडण्याबद्दल त्यात काहीच नाही.

उत्तर : झुरळांची विष्ठा, लाळ, कात यांनी दमा उचल खातो, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. अनामतीचा निकाल मात्र नोटरीच्या त्या शिक्क्यावर लागेल. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हा समज सांगली-साताऱ्यात अजून घट्ट आहे, आणि तो चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्स (मालकाने नुसती राहायची परवानगी दिलेली) असो वा भाडं, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. मुदत कमी म्हणून सूट नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे 'ठरलं होतं' हे आता त्यांनी सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, मालकालाच. मालकांना द्यायच्या नोटिशीत कलम ५५ ची एवढी एक ओळ घाला.

सहा महिने नुसत्या फोनवर तक्रारी का केल्यात? त्याचा कागद शून्य. आता स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनची सोय आणि पोचपावती घेऊन, महिन्याची नोटीस द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर काही असेल तर जपा. कोर्टात ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह लागतं.

मालक म्हणणार, झुरळं तुमच्याच सामानातून आली. लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टे असलेली झुरळं ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरपाशी राहतात. तिथे हा बचाव चालू शकतो. मोठी, लालसर असतील तर ती बहुधा ड्रेनेजच्या चेंबरमधून येतात, म्हणजे इमारतीचा दोष. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून बिलावरच लिहून घ्या : कुठली नहाणी, कुठली फुटकी जाळी. नुसतं 'जेल ट्रीटमेंट, २ बीएचके' लिहिलेलं बिल निरुपयोगी.

हा खर्च भाड्यातून परस्पर कापू नका. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ ची ती सोय भाडेकरूची. लायसन्सवर राहणाऱ्याला मिळेलच असं नाही, आणि १५ दिवसांच्या नोटिशीशिवाय कुणालाच नाही.

दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तारखांवर तारखा बघता पाच हजार सोडून मिटत असेल तर मिटवा. चावी वॉचमनकडे ठेवून निघू नका. ताबा दिल्याच्या कागदावर तारीख आणि मालकांची सही घ्या. नाहीतर पुढच्या महिन्याचं भाडंही तुमच्याच नावावर लागेल.