दीड लाखात मराठी सिनेमाचं सोशल मीडिया प्रमोशन होतं का? मीम पेजला पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळच्या पाच मित्रांनी नोकऱ्या सांभाळून कोकणातल्या भुताचा एक मराठी सिनेमा केलाय, दोन महिन्यांनी तो लागतोय, प्रमोशनला हातात दीड लाख आहेत. एक मीम पेजवाला ‘व्हायरल करून देतो’ म्हणून सगळे पैसे मागतोय. शिवाय नायिका ‘बेपत्ता’ झाल्याच्या पोस्ट फिरवायची कल्पना आहे.

सगळे पैसे त्याला देऊ नका. वीस हजारांच्या वर तर नकोच. बेपत्ताचं नंतर सांगतो, आधी माझी फजिती ऐका.

मी ठाण्यात राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या एजन्सीत सात वर्षं सिनेमांची पेजेस सांभाळतोय. पोस्टर किती वाजता टाकायचं, हिरोइनच्या वाढदिवसाला काय टाकायचं, ट्रेलरखाली ‘ओटीटीवर कधी येणार?’ विचारणाऱ्याला दहाव्यांदा गोड बोलायचं, हे माझं काम. (हा प्रश्न पहिल्या तासातच येतो. तुम्हालाही येईल, तयारीत राहा.)

तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विनोदी सिनेमा होता. नाव सांगत नाही, निर्माता अजून माझा फोन उचलतो. त्यातल्या एका डायलॉगची रील अशी काही चालली की विचारू नका. चौदा लाख व्ह्यूज. लोक त्या आवाजावर सासू-सुनेच्या रील करत होते, बॉसच्या करत होते, एकाने तर कुत्र्याची केली. ऑफिसात पेढे आले. शुक्रवारी मी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्सला साडेचारच्या शोला जाऊन बसलो. मोजून अकरा माणसं. त्यात दोघं आम्ही, एक दिग्दर्शकाचा मावसभाऊ. तो डायलॉग आला तसा मागच्या रांगेतला मुलगा शेजारणीला म्हणाला, “अरे, हे या पिक्चरमधलं आहे होय?”

म्हणजे रील त्याने पाहिली होती, कदाचित दहा वेळा. सिनेमाचं नाव मात्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आम्ही ते खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकलं होतं, नेमकं तिथेच इन्स्टाग्राम कॅप्शन आणतं. आणि लोक जो आवाज उचलत होते त्याचं नाव ‘ओरिजिनल ऑडिओ’ असंच राहिलं होतं. ते बदलता येतं. तिथे सिनेमाचं नाव घालायला अर्धा मिनिट लागला असता, पण पेढे वाटण्याच्या नादात ते कोणालाच सुचलं नाही.

या खड्ड्यात आमच्यापेक्षा मोठे लोक पडलेत. २००६ मध्ये ‘स्नेक्स ऑन अ प्लेन’ नावाच्या हॉलिवूडपटाच्या नुसत्या नावावर इंटरनेट वेडं झालं होतं. ब्लॉग, खोटी पोस्टरं, गाणी, काय वाट्टेल ते. त्या उत्साहाला भुलून स्टुडिओने पाच दिवसांचं जादा शूटिंग केलं, नेटकऱ्यांना हवं होतं ते सिनेमात घातलं. सिनेमा लागला आणि ओपनिंग अपेक्षेपेक्षा बरंच खाली आलं. लोकांना मजा त्या नावाची होती आणि ती फुकटात घेऊन झाली होती. २०२२ मधल्या ‘मॉर्बियस’ची गंमत तर त्याहून पुढची. आधी पडलेल्या त्या सिनेमाची लोकांनी मीम करून टर उडवली. स्टुडिओने त्याला प्रेम समजून जूनमध्ये तो अमेरिकेत हजारावर थिएटरांत परत लावला. शनिवार-रविवार धरून गल्ला जमला तीन लाख डॉलरच्या आसपास. टर उडवणारा माणूस तिकीट कशाला काढेल?

आपल्याकडचं घ्या. ‘कोलावेरी डी’ नोव्हेंबर २०११ मध्ये आलं आणि लग्नाच्या वरातींपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजलं. ज्या सिनेमाचं ते गाणं, तो ‘३’ मार्च २०१२ मध्ये लागला, आणि गाण्याच्या मानाने काहीच चालला नाही. तुमच्या ओळखीच्या दहा जणांना विचारून बघा, गाणं सगळे म्हणतील, सिनेमाचं नाव दोघं सांगतील.

मग चालतं काय? मी अलीकडे एक गोष्ट बघतो: रीलमध्ये पडदा दिसतोय की खुर्ची, म्हणजे सिनेमा दिसतोय की तो बघायला गेलेली माणसं. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला लागला. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्याने जायला लागल्या आणि रील टाकल्या त्या स्वतःच्या, थिएटरच्या पायऱ्यांवरच्या. त्या बघणाऱ्या बाईला सिनेमाची गोष्ट कळत नव्हती. ‘शेजारच्या सोसायटीतल्या जाऊन आल्या, आपण राहिलो’ एवढंच कळत होतं, आणि तेवढं पुरलं. सिनेमा ७० कोटींच्या पुढे गेला. ‘सैयारा’चं तसंच. जुलै २०२५ मध्ये तो लागायच्या आधी नवी जोडी मुलाखतींपासून लांबच ठेवली होती. नंतर मोबाइल भरून गेले ते थिएटरात हुंदके देणाऱ्या पोरापोरींच्या क्लिपांनी. आणि ‘सैराट’? तो २९ एप्रिल २०१६ चा, म्हणजे जिओ बाजारात यायच्या चार महिने आधीचा. तेव्हा डेटा लोक थेंब थेंब वापरायचे. तरी ‘झिंगाट’ला पडद्यासमोर नाचणाऱ्या पब्लिकचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी पोचले होते.

माझ्या त्या अकरा माणसांच्या सिनेमाचंही पुढे थोडं बरं झालं, पण श्रेय आमचं नाही. शनिवारी नौपाड्यातल्या एका काकूंनी बहिणीबरोबर तो पाहिला. रात्री त्यांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज फिरत फिरत माझ्या आईच्या मोबाइलवर आला, तो असा:

“मैत्रिणींनो, आज पिक्चर बघितला. पहिला अर्धा तास जरा सहन करा, नंतर हसून हसून पोट दुखतं. उद्या दुपारी ३ चा शो. मॅनेजरशी बोलले आहे, चाळीस जणी झाल्या तर एकत्र बसता येईल. नाव आणि पैसे सकाळी दहापर्यंत. सुनांना आणायला हरकत नाही.”

‘पहिला अर्धा तास सहन करा’ हे वाक्य मी जन्मात लिहिलं नसतं. लिहिलं असतं तर निर्मात्याने त्याच दिवशी काढलं असतं. पण त्या वाक्यामुळेच पुढच्यावर विश्वास बसला. शिवाय दिवस, वेळ, पैसे कधीपर्यंत, कोणाला आणायचं, सगळं चार ओळींत. आमच्या त्रेसष्ट पोस्टमध्ये मिळून एवढी माहिती नव्हती. रविवारी त्रेपन्न जणी आल्या. मी दाराशी उभा राहून मोजल्या. सिनेमा आणखी एक आठवडा टिकला.

तेव्हा तुमच्या दीड लाखाचं मी असं करेन. तीसेक हजार ट्रेलरच्या मोबाइलवर उभा दिसणाऱ्या कटवर आणि दोन-तीन रीलवर, नाव वरच्या बाजूला मोठं, तारीख बोलून आणि लिहूनही. लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून संवाद खाली लिहिलेले हवेत. साठेक हजार जाहिरातीला, पण ती बुधवारपासून रविवारपर्यंतच चालवायची आणि ज्या थिएटरला शो मिळालाय त्याच्याभोवती पाच-सात किलोमीटरच्या वर्तुळात. वाशीच्या माणसाला वाशीचा शो दाखवा, ठाण्याच्या माणसाला ठाण्याचा. अख्ख्या महाराष्ट्रावर पैसे उधळले की आकडे छान दिसतात, पण अकोल्यातल्या माणसाला रील आवडून काय उपयोग, तिथे तुमचा सिनेमा लागलाच नाही तर? वीस हजार त्या मीमवाल्याला द्यायचेच असतील तर द्या, पण मीम सिनेमातल्याच प्रसंगावर हवं आणि पोस्ट पैसे देऊन केलीय हे त्याने लिहायला हवं. २०२१ पासून एएससीआयचा, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, तसा नियम आहे. आणि तो आधीच्या चार कामांचा रीच, म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली ते, दाखवेल, त्यापेक्षा पोस्ट किती जणांनी पुढे पाठवली ते विचारा. लाइक माणूस अंगठ्याने देतो. पुढे पाठवताना नाव निवडावं लागतं, ‘हे तिला पाठवू’ असा विचार डोक्यात यावा लागतो.

उरलेले चाळीस हजार शुक्रवार संध्याकाळपर्यंत हात न लावता ठेवा. हे कोणी ठेवत नाही. सगळे आदल्या आठवड्यात खिसा रिकामा करतात आणि शनिवारी प्रेक्षक खरोखर काही बोलायला लागले की हातात काही नसतं. शो सुटल्यावर दारात उभे राहा, बाहेर येणाऱ्यांचे चेहरे टिपा, त्यांना विचारून. पडदा मात्र कोणाला शूट करू देऊ नका. २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात त्याला तुरुंग आहे, आणि तुमचा क्लायमॅक्स फुकट वाटला जातो तो वेगळाच. टिपलेल्या चेहऱ्यांतली बरी क्लिप रात्रीतच जाहिरातीला लावा.

गाण्याचं विसरू नका. म्युझिक लेबलशी बोलताना एवढं पक्कं करा की गाणं सिनेमाच्या दोन-तीन आठवडे आधी इन्स्टाग्रामच्या लायब्ररीत, म्हणजे लोक रीलसाठी गाणी निवडतात तिथे, आलं पाहिजे, आणि त्यातला कुठला तुकडा रीलसाठी ते तुम्ही ठरवणार. मी एका सिनेमाला गाणं शुक्रवारी रात्री लायब्ररीत आलेलं बघितलंय.

आता ‘बेपत्ता’. ही कल्पना ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकी भयपटाची. १९९९ मध्ये त्यांनी साइटवर खोट्या दंतकथेची कागदपत्रं टाकली, महोत्सवात बेपत्ताची पत्रकं वाटली, कलाकारांना लपवून ठेवलं. शूटिंग साठ हजार डॉलरच्या आतलं, धंदा जवळपास २५ कोटी डॉलरचा. पण तेव्हा घरोघरी नेट नवं होतं, एखादी गोष्ट खरी की खोटी हे तपासायला दुसरी जागा नव्हती. आज तुम्ही नेरूळच्या सोसायटी ग्रुपवर मुलीचा फोटो टाकून ‘बेपत्ता’ लिहिलंत तर तासाभरात ते सीवूड्स, बेलापूर, खारघर करत पनवेलला पोचेल. कोणीतरी पोलिसांना फोन करेल आणि करायलाच हवा. उद्या खरंच एखाद्या घरातली मुलगी हरवली आणि लोक ‘पिक्चरचं असेल’ म्हणाले तर? हे करू नका.

भूत कोकणातलं आहे ना? मग मंडळं गाठा. नवी मुंबईत आणि ठाण्यात गावागावांची कोकणी मंडळं आहेत, त्यांचे ग्रुप कुठल्याही मीम पेजपेक्षा जागे असतात. तिथे सिनेमाची जाहिरात टाकली तर अ‍ॅडमिन हाकलेल. ‘तुमच्या गावात रात्री कुठल्या वळणावर गाडी थांबवत नाहीत?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. दोनशे उत्तरं येतील, त्यातल्या वीस जणांना भूत स्वतःच्या काकाने पाहिलेलं असेल. त्या उत्तरांच्याच रील करा, सांगणाऱ्याच्या आवाजात, त्याच्या परवानगीने. आणि पहिल्या रविवारच्या शोला त्यांनाच बोलवा, तिकीट काढून.

डिस्ट्रिब्युटरने थिएटरं आणि वेळा दिल्या की इथेच खाली लिहा. नेरूळ-वाशीचा एकमेव शो दुपारी बाराचा असेल तर रील वगैरे राहू द्या, सगळ्यात आधी तो शो बदलून घ्यायला धावा.