वडिलांच्या संमतीपत्रावर मुलाने सही करावी का?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग त्यांच्या हाडांत पसरला आहे. त्यांना मात्र आम्ही ‘ग्रंथीचा त्रास’ एवढेच सांगितले आहे. ते अजून पेन्शन आणायला एकटे बँकेत जातात. पुण्यातील एका रुग्णालयात इम्युनोथेरपीच्या नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. तेथील समन्वयकाने २२ पानी इंग्रजी संमतीपत्र दिले असून सोमवारी सही करून आणण्यास सांगितले आहे. वडिलांच्या वतीने मी सही केली तर चालेल का? काही विपरीत घडल्यास जबाबदार कोण?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सही करू नये, आणि केलीत तरी ती वडिलांची संमती ठरणार नाही. औषधांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार, रुग्ण स्वतः संमती देण्यास असमर्थ असेल तरच त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला सही करता येते. एकट्याने बँकेत जाऊन पेन्शन काढणारा माणूस असमर्थ कसा म्हणावा? समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्ण भुलीखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली होती. सज्ञान व सक्षम रुग्णाच्या बाबतीत, तातडीची गरज नसताना, अशी संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

खरी अडचण सहीची नसून लपवलेल्या निदानाची आहे. रिपोर्टची फाईल कपाटाच्या वरच्या खणात का जाते, हे मी जाणतो. त्यामागे माया असते. परंतु आजाराचे नाव, औषध अजून सिद्ध झालेले नाही ही गोष्ट, संभाव्य धोके आणि उपलब्ध असलेले इतर उपचार हे सारे समजल्याशिवाय दिलेली संमती कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. त्यामुळे चाचणीत जायचे असेल, तर वडिलांना आजार सांगावाच लागेल. तो घरी, आपण जवळ असताना, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या मदतीने सांगावा. मग त्यांनी नकार दिला, तर तोही मान्य करावा लागेल.

संमतीपत्र व त्यासोबतचे माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे, म्हणून एथिक्स कमिटीने (चाचणीतील रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने) मंजूर केलेली मराठी प्रत मागावी. संमतीपत्रात नॉमिनीचे नाव, पत्ता व नाते लिहिण्याची जागा असते. घाईत ती बहुधा कोरी राहते; ती वडिलांकडून भरून घ्यावी, कारण ती नोंद चाचणीमुळे मृत्यू झाल्यास द्यायच्या भरपाईसाठीच असते. सही झालेल्या संमतीपत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय तेथून निघू नये.

जबाबदारीविषयी : चाचणीदरम्यान इजा झाल्यास, तिचा चाचणीशी संबंध नसल्याचे सिद्ध होईपर्यंत किंवा चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांच्या मते गरज असेल तोवर, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, उपचार मोफत मिळतात. इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाई वेगळी मिळते. मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रात मूळ रक्कम ८ लाख रुपये असून ती वयाच्या व जोखमीच्या गुणकांनुसार बदलते. पासष्टीनंतर वयाचा गुणक सर्वांत कमी असतो, त्यामुळे वयाने मूळ रकमेत भर पडत नाही. आयुर्मान सहा महिन्यांहून अधिक नाही असे मानलेल्या रुग्णाला जोखीम गुणक ०.५ लागतो, म्हणजे वडिलांच्या वयात ४ लाख रुपये. सहा ते चोवीस महिने मानल्यास गुणक १, म्हणजे ८ लाख. चाचणीत शिरतेवेळी वडिलांच्या प्रकृतीची कोणती नोंद होते, याकडे म्हणूनच लक्ष ठेवावे. प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही ते न देता प्लासिबो (औषधासारखे दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य) दिल्याने झालेली हानीही भरपाईस पात्र आहे. वडिलांना प्लासिबोच्या गटात टाकले जाऊ शकते का आणि सध्याचे उपचार चालू राहतील का, हे लेखी विचारावे.

वडील कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडू शकतात आणि त्यामुळे त्यांचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. प्रायोगिक औषधाचे किंवा चाचणीसाठीच्या तपासण्यांचे पैसे मागितले गेले, तर तेथेच थांबावे. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतील चाचणीचा क्रमांक मागून तो तिच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा.

सोमवारी सही न केलेले संमतीपत्र घेऊन जा आणि मराठी प्रत व आठवडाभराची मुदत मागा. समन्वयक नाही म्हणाला, तर माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीच्या संपर्काचा तपशील असतो. तेथे त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.