छापून आलं, आता वाचवत नाही

दिवाळी अंक बाजारात आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी 'कुठे पाठवू' असं विचारणारे 'आता हे वाचू कसं' असं विचारू लागतात. नाशिक आणि परिसरातून आलेली अशी काही पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत, भाग तेवढा दिला आहे. उत्तरं आमच्या संपादन आणि मुद्रितशोधन विभागाची.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. घरातल्या सगळ्यांनी वाचली, मी मात्र अंक उघडत नाही. दोन ओळी वाचल्या की कानशिलं तापतात. लोक चांगलं म्हणतात, त्यावर विश्वास बसत नाही. असं सगळ्यांचं होतं, की माझी कथाच वाईट आहे? (गंगापूर रोड)

बहुतेकांचं होतं. आणि त्यावरून कथा चांगली की वाईट, हे अजिबात कळत नाही. लिहिताना मनात काय होतं ते तुम्हाला अजून आठवतंय, आणि त्यातलं कागदावर किती उतरलं तेही दिसतंय. ही तफावत फक्त तुम्हालाच टोचते, कारण वाचकाकडे ताडून बघायला दुसरं काही नसतं. शिवाय मधल्या वर्षात तुमचं वाचन झालं, कान तयार झाला. आणि छापलेल्या मजकुरात हात घालता येत नाही. हीच ओळ वहीत असती तर तुम्ही न लाजता खोडली असती.

कथेची पानं झेरॉक्स करून घ्या. पेन्सिल घेऊन एका बैठकीत शेवटपर्यंत जा. जिथे कानशिलं तापतील तिथे समासात एक उभी रेघ ओढा आणि पुढे चला. थांबायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त रेघांपाशी जायचं आणि प्रत्येकीपुढे छ, भ किंवा म यांपैकी एक अक्षर लिहायचं.

छ म्हणजे छपाईतला दोष: गळलेला शब्द, तुटलेला परिच्छेद. संपादकांना कळवा आणि विसरा. भ म्हणजे भाषेचा: विशेषणांची रांग, पात्राच्या तोंडून लेखकच बोलणं, शेवटी तात्पर्य सांगणारा परिच्छेद. एकाच प्रकारची भ तीनदा आली तर ती सवय आहे. ती चिठ्ठीवर लिहून टेबलापुढे लावा, पुढच्या कथेला उपयोगी पडेल. म म्हणजे मत: तेव्हा पटत होतं, आता पटत नाही. याला दुरुस्ती नाही, फार तर नवी कथा आहे.

'सगळंच वाईट आहे' असं वाटतं, पण रेघ ओढायला नेमकी ओळ सापडत नाही, असं झालं तर तो निकाल धरू नका. संपादकही 'कुठे?' एवढंच विचारतो. एक सांगून ठेवतो: रेघा बहुधा पहिल्या दीड पानात दाटतात. लेखक तिथे हात मोकळा करत असतो. तुमच्याही तिथेच दाटल्या तर पुढची कथा दुसऱ्या पानापासून सुरू करून बघा.

मी स्वतःचा लेख दहा वेळा वाचतो. तरी छापून आल्यावर चूक दिसतेच. दुसरा कुणी तीच चूक दोन मिनिटांत काढतो. हा डोळ्यांचा दोष का? (नाशिकरोड)

डोळ्यांचा नाही, ओळखीचा. वाचणारा प्रत्येक अक्षर वाचत नाही. पुढचा शब्द ओळखतो आणि नजर पुढे टाकतो. स्वतःच्या लेखात तर पुढचा शब्द आधीच पाठ असतो, त्यामुळे कागदावर नसलेला शब्दही दिसतो. दहाव्यांदा वाचताना पाठांतर आणखी पक्कं झालेलं असतं, म्हणजे दहावं वाचन पहिल्यापेक्षा निकामी. छापणारा आणि तपासणारा एक नसावा, हा कुठल्याही छापखान्याचा नियम; शेजारी नोटांचा छापखाना असलेल्यांना तो वेगळा सांगायला नको. पण दुसरा माणूस मिळत नसेल तर आपला मजकूर परका करून वाचावा लागतो.

आधी रूप बदला. पडद्यावर लिहिलं असेल तर कागदावर काढा, अक्षर १६ पॉइंटचं, टाइप नेहमीपेक्षा वेगळा, ओळींत दुप्पट अंतर. ओळीखाली कोरी पट्टी धरा म्हणजे नजर खाली घसरणार नाही. शेवटच्या परिच्छेदापासून उलट पहिल्याकडे या. अर्थाची साखळी तुटली की अक्षरं दिसायला लागतात. सलग अर्ध्या तासाहून जास्त बसू नका, त्यानंतर डोळा पुन्हा वाचक होतो.

मग वाचनं वेगळी करा. एका वाचनात सगळं शोधणारा काहीच नीट शोधत नाही. पहिल्या फेरीत फक्त विशेषनामं, सनावळ्या, आकडे. पान ३ वरची 'सुमनताई' पान ९ वर 'सुमतीताई' झाली आहे का, हे इथेच सापडतं. दुसऱ्या फेरीत फक्त ऱ्हस्व-दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा नियम छापून जवळ ठेवा. चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. एक, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप; त्यात आतला दीर्घ ऱ्हस्व होतो: गरीब पण गरिबाला, जमीन पण जमिनीवर, फूल पण फुलाला. दोन, हा नियम तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लावणं: शरीर आणि शरीराला, परीक्षा आणि परीक्षेला, इथे दीर्घ तसाच राहतो. तिसरी फेरी विरामचिन्हांची: उघडलेलं अवतरण बंद झालंय का, कंस मिटलाय का.

संगणकाचा शब्दतपास जरूर लावा, पण 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' यांत तो अडणार नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. असे पाच-सहा शब्द ज्याचे त्याचे ठरलेले असतात. ते शोध-आज्ञेने एकेक करून तपासा.

मोबाईलकडून मजकूर वाचून घेणं ही चांगली सोय झाली आहे. गळलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, 'त्यांना'च्या जागी 'त्याना', दम लागेल एवढं लांब वाक्य: हे कानाला लगेच खटकतं. पण 'पुस्तक' आणि 'पूस्तक' ऐकायला जवळजवळ सारखेच. म्हणून कान दुसऱ्या फेरीची जागा घेऊ शकत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये फिरवला असेल तर एक फेरी त्यासाठी वेगळी ठेवा. तिथल्या चुका तुमच्या नसतात आणि ठरावीक असतात. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या मधे अडकून 'परिस्थिती'चं 'परिस्िथती' होतं. रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य फुटतो किंवा साधा र्य होतो. या तिन्ही जागा शोधून काढल्या की निम्मं काम झालं.

लिहून झाल्यावर किती दिवसांनी वाचावं? (सिन्नर)

पुढचं वाक्य तोंडपाठ राहणार नाही इतक्या दिवसांनी. वृत्तपत्रातल्या सदराला एक रात्र मिळाली तरी चालतं, कथेला तीन-चार आठवडे, कादंबरीला दोन-तीन महिने. रोमन कवी होरेसने नऊ वर्षं थांबा असा सल्ला दिला होता. त्याला दिवाळी अंकाची तारीख गाठायची नव्हती. तासाभरात द्यायचं असेल तर वर सांगितलेला टाइप बदलण्याचा उपाय करा आणि मोठ्याने वाचा.

वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या कवितासंग्रहाची पुन्हा छपाई होते आहे. निम्म्या कविता आता वाचवत नाहीत. बदलायच्या आहेत. प्रकाशक म्हणतात, जसंच्या तसं छापू. अधिकार कुणाचा? आणि बदलाव्यात का? (पंचवटी)

आधी करारपत्र काढा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ नुसार हक्क दिले असतील तर ते लेखी आणि सहीनिशी दिलेले असावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे मुदत न लिहिलेला वीस वर्षांपूर्वीचा कागद असेल तर हक्क तुमच्याकडे परत आलेले असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर तुमच्या संमतीशिवाय पुन्हा छापता येत नाही. कागद वकिलाला एकदा दाखवा.

प्रकाशकांची अडचणही खोटी नाही. जसंच्या तसं छापलं तर ते पुनर्मुद्रण. मजकूर बदलला तर ती नवी आवृत्ती, तिचं काम वेगळं आणि खर्च वेगळा. डेमी आकाराचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातला जाणारा कागद, साधारण सोळा पानांचा, एका बाजूला आठ. ऑफसेटवर एका पानावरचं एक अक्षर बदललं तरी त्या बाजूची प्लेट नवी करावी लागते. कवितेत चार ओळी वाढून ती पुढच्या पानावर गेली तर पुढची सगळी पानं सरकतात आणि अनुक्रमणिकाही. म्हणून बदल सुचवताना 'ओळीला ओळ, पानाला पान' असा नियम पाळा. बदलांचा तक्ता द्या: पान, ओळ, आधी, नंतर. तोंडी सांगितलेली दुरुस्ती निम्मी हरवते.

बदलाव्यात का, यावर आमचं मत थोडं कडक आहे. छपाईच्या चुका, चुकलेली वृत्तं, नंतर चूक ठरलेली माहिती: हे सगळं बदला. पण वीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा आवाज आजच्या शब्दांनी सुधारू नका. जुन्या ओळीत नवा शब्द बहुधा ठिगळासारखा दिसतो, आणि दिसतो तो आधी तुमच्या जुन्या वाचकांना. न पटणारी कविता वगळणं त्यापेक्षा सरळ. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने मात्र उलट केलं: १८५५ मध्ये बारा कवितांनी सुरू झालेला एकच संग्रह तो आयुष्यभर वाढवत आणि बदलत राहिला. त्याला जमलं, कारण प्रत्येक वेळी तो पुस्तकच नवं करत होता. चार विशेषणं बदलणं वेगळं.

वगळलेली कविता नाहीशी होईल, या भ्रमात राहू नका. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. त्यांतलं एक मुंबईत आहे. मजकूर न बदललेल्या पुनर्मुद्रणाला यातून सूट आहे, बदललेल्या आवृत्तीला नाही. शिवाय नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, आणि अशा वाचनालयांतल्या जुन्या प्रती लोक काढतातच. तेव्हा काय वगळलं आणि काय बदललं, हे मनोगतात अर्ध्या पानात लिहून टाका.

माझा प्रश्न उलटा आहे. मला माझ्या कविता फार आवडतात. रोज वाचतो. घरचे हसतात. २७ फेब्रुवारीला एका कार्यक्रमात वाचायच्याही आहेत. (सिडको)

हसू द्या. फक्त लाज वाटणाऱ्याला जो प्रश्न, तोच तुम्हाला: कुठली ओळ? आवडलेली ओळ झाकून उरलेली कविता वाचा. तरीही उभी राहत असेल तर कविता आवडते आहे, नाहीतर एका ओळीवर जीव आहे. कार्यक्रमासाठी कविता आठवड्याभर आधी उभं राहून, घड्याळ लावून वाचा. सावकाश वाचनात मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द जातात, कवितेत त्याहूनही कमी. पाच मिनिटं दिली असतील तर चार मिनिटांचंच न्या. जीभ जिथे दोनदा अडखळेल तिथे बहुतेक वेळा ओळीचाच दोष असतो, आणि छापलेली असली तरी व्यासपीठावर ती बदलून वाचायला कुणी अडवत नाही. कुसुमाग्रजांच्या जयंतीला नाशिकचा श्रोता ऐकायला तयार होऊन आलेला असतो. प्रस्तावना मात्र त्याला नको असते.

तरुणपणच्या वह्या आणि अर्धवट कादंबरी माळ्यावर आहे. वाचली की जाळावीशी वाटते. जाळू का? (इंदिरानगर)

वाचलेल्या दिवशी नाही. लेखक फ्रान्झ काफ्काने आपली हस्तलिखितं न वाचता जाळून टाका असं मित्राला लिहून ठेवलं होतं, मित्राने ती छापली. म्हणजे हे काम दुसऱ्यावर सोपवण्यात अर्थ नाही. वह्यांचे दोन गठ्ठे करा. ज्यांत इतरांची खाजगी माहिती आहे, पत्रं आहेत, तो एक. नुसतं तुमचं लिखाण आहे तो दुसरा. पहिल्याचा निर्णय तुम्ही स्वतः, हातपाय धड असताना घ्या. दुसऱ्यावर तारीख घालून गठ्ठा बांधा. वह्या माळ्यावर न ठेवता कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर, सुती कापडात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. शाई फिकी पडत असेल तर मोबाईलवर फोटो न काढता स्कॅन करून घ्या, आणि फाईलच्या नावात वर्ष घाला.

मृत्युपत्र करणार असाल तर वह्यांचा वेगळा उल्लेख करा. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं, तर उलट काही लिहिलेलं नसल्यास तुमच्याकडे असलेला त्याचा प्रताधिकारही कायद्याने त्याच माणसाकडे जातो. वही पुतणीला आणि छापायचा हक्क मुलाला, असं मनात असेल तर ते दोन वेगळ्या वाक्यांत लिहा.