ग्रहांना ढकललं कुणी?

प्रश्न : सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात, असं वाचलं. एकही उलटा का जात नाही? त्यांना पहिल्यांदा ढकललं कुणी?
– इयत्ता सहावीतला वाचक, शिरोडा

उत्तर : बाळा, इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण ‘ढकललं कुणी’ असं मला वर्गात कुणी विचारलं नव्हतं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

कुणीच ढकललं नाही. ग्रह ज्यापासून झाले ते सगळं आधीपासून फिरतच होतं. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी इथे सूर्यही नव्हता. हायड्रोजन, हेलियम आणि धुळीचा अवाढव्य ढग होता आणि तो अगदी सावकाश वळत होता. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने तो आत कोसळू लागला, तशी त्याची गिरकी वाढली. झोक्याच्या दोऱ्यांना पीळ दे, पाय लांब करून बस आणि पीळ सुटताना पाय पटकन जवळ घे. कळेल तुला.

गिरकी वाढली की ढग चपटा होतो. हे मी पुस्तकाआधी कालावलच्या खाडीत पाहिलं. माझे बाबा पाग टाकायचे. हातावर गोळा केलेलं जाळं कमरेतून हिसका देऊन सोडलं की शिशाच्या वजनांनी ते हवेतच ताटासारखं गोल उघडायचं. मी काठावर उभं राहून पुन्हा टाका म्हणायचे. फरक एवढाच, की जाळं बाहेर पसरतं आणि ढग आत येताना चपटा होतो. वरखालची धूळ आणि वायू मधल्या पातळीत येऊन बसतात, पण कडेच्यांना गिरकी आत येऊ देत नाही.

उलट जाणारे कण? होते ना! पण ते समोरच्यांवर आदळत राहिले. शेवटी साऱ्या ढगाची मिळून जी दिशा होती, तीच उरली.

मधोमध सूर्य झाला. भोवतीच्या तबकडीत धूळ चिकटत चिकटत खडे झाले, खड्यांचे डोंगर, डोंगर आदळून ग्रह. सूर्याजवळच्या उष्णतेत पाण्याचं बर्फ होईना, दगड आणि धातू तेवढे टिकले; तुमच्या मिठागरात पाणी उडून मीठ राहतं ना, तसं. म्हणून आपली पृथ्वी खडकाची. दूर थंडीत बर्फाचीही भर पडली, तिथे गुरू पृथ्वीच्या 318 पट वजनाचा झाला.

आणि ते थांबले का नाहीत? कॅरमची सोंगटी पाटावर घासून थांबते. तिथे घासायला जवळजवळ काहीच नाही.

शुक्र स्वतःभोवती मात्र उलटा फिरतो, पण सूर्याभोवतीची त्याची वाट इतरांसारखीच. 2014 मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींनी वृषभ राशीतल्या एका कोवळ्या ताऱ्याभोवती अशीच तबकडी टिपली, तिच्यात गोल गोल खाचासुद्धा दिसल्या.

ती तबकडी तुला वेळागरच्या वाळूतूनही ओळखता येईल. पावसाळा सरला की संध्याकाळी चंद्र आणि दिसतील ते ग्रह वहीत मांडत जा. सगळे आकाशातल्या एकाच पट्ट्यात सापडतील. ध्रुवताऱ्याजवळ एकही ग्रह कधी जायचा नाही. महिनाभराने ती वही मला दाखवायला पाठव.