पाटल्या गहाण टाकण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दुबईच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन, 1,500 दिरहम, राहणं कंपनीचं, खाणं स्वतःचं, करार दोन वर्षांचा. आणि एजंटला 90,000 रुपये, त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण. जाऊ नकोस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? आपल्या वाडीतली स्लॅबची घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, माझं धरून. पण ह्या व्यवहारात कोण कोणाला पैसे देतो, ते आधी नीट बघ.

तिकडे कंपनीला एखाद्या टॉवरचं काम मिळतं. माणसं तेवढ्यापुरती हवी असतात. म्हणून ती सरकारकडून परमिट काढते आणि तुझा मुक्काम त्या परमिटाला बांधलेला राहतो. काम संपलं की परमिट रद्द, आणि दुसरी कंपनी मिळाली नाही तर तू परत आंगणात. परमिट, मेडिकल, भरती हा सगळा खर्च मालकाचा. अमिरातीच्या 2021च्या कामगार कायद्यात तो कामगाराकडून घ्यायला सरळ मनाई आहे. मग 90,000 कशाचे? व्हिसे आपल्याला मिळावेत म्हणून एजंटांची चढाओढ चालते, कधी भरती करणाऱ्याचेच हात ओले केले जातात, आणि ती रक्कम तुझ्या आईच्या हातातून निघते.

आपल्याकडेही 1983चा उत्प्रवासन कायदा आहे. नोंदणीकृत एजंटाला तुझ्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे 35,400, तेही पावती देऊन. त्याचा परवाना नंबर माग आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघ. नंबर सांगताना जो 'विश्वास नाही का?' म्हणतो, त्याच्या ऑफिसातला चहासुद्धा पिऊ नकोस.

आता एक गंमत. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा. त्याला आखातात नोकरीला जायचं तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफिसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या सरकारी कचेरीची मंजुरी लागते, करार तपासला जातो, 10 लाखांचा विमा सक्तीचा असतो. तू दहावी पास, आयटीआय झालेला, म्हणून तुला यातलं काही लागत नाही. गावात याला मान समजतात. खरं तर त्या अडाणी गवंड्याचा कागद सरकार एकदा तरी वाचतं, तुझा कोणीच वाचत नाही. तो तुलाच वाचायचाय.

मी वाचला नव्हता. मुंबईत 1,500 ऐकून गेलो आणि तिथं पोचल्यावर दुसऱ्याच कागदावर सही केली. बेसिक 800, बाकी 700 भत्ते. महिन्याचा पगार तोच, म्हणून मी खूश. पुढे त्याच कंपनीत टाइमकीपर झालो, ओटीची, म्हणजे जादा तासांच्या कामाची शीट भरायला लागलो, तेव्हा कळलं काय घालवलं ते. ओटी आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, दोन्ही बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर निघतात. आजच्या कायद्यानं ओटी म्हणजे तासाचं बेसिक आणि वर 25 टक्के. 800 बेसिकला तासाला 4 दिरहम 17 फिल्स, 1,500 बेसिकला 7 दिरहम 81 फिल्स. रोज दोन तास ओटी, महिन्याला 26 दिवस धर. महिन्याला 217 दिरहम आणि 406 दिरहम. ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दरसाल 21 दिवसांच्या बेसिकची, म्हणजे तिथंही निम्म्याला मार. तेव्हा ऑफर लेटरवर एकूण आकडा बघू नकोस, बेसिकचा रकाना बघ. ते लेटर हिंदीतही मिळतं, माग.

आणि व्हिजिट व्हिसावर अजिबात जायचं नाही, 'तिकडे गेल्यावर बदलून देतो' असं कोणी शपथेवर सांगितलं तरी. तिकडे कामाचा कागद नसलेल्याला खल्लीवल्ली म्हणतात. पगार बुडाला तरी त्याला तक्रार करायला तोंड राहत नाही. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. आमच्या वेळी तो ऑफिसच्या कपाटात असायचा, आता तसा ठेवणं बेकायदा आहे, तरी मागणारे मागतात. मालकाची भीतीही खोटी नसते म्हणा, खर्च करून आणलेला माणूस महिन्यात पळाला तर त्याचं नुकसान होतंच. पण त्या भीतीचं तारण तुझा पासपोर्ट नव्हे.

कामगारांचा कॅम्प बहुधा दुबईतल्या सोनापूरला असेल. मुंबईकराच्या कानाला ते स्मशानाचं नाव, आम्ही पहिल्या रात्री त्यावरून खूप हसलो होतो. एका खोलीत आठ जण होतो, आणि मधल्या बंकवरच्या चिपळूणच्या पोरानं घरचं आमसूल आणलं होतं, ते सगळ्यांना महिनाभर पुरलं. तू दोन किलो ने.

एजंटला बुधवारी पैसे द्यायचे म्हणतोस. त्याआधी रविवारी इकडे ये. ऑफर लेटरची झेरॉक्स आण आणि आईलाही घेऊन ये. पाटल्यांचं काय करायचं ते तिच्यासमोरच बोलू.

तुझा,
काका