२ कुणाचे, १ कुणाचा?

प्रश्न : बाई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. ‘किलोला ६० दराचा आणि ९० दराचा माल मिसळून ७० दराचं ४५ किलो मिश्रण करायचं, तर कुठला माल किती घ्यावा?’ दोन्ही दर वर आणि मधे खाली ७० लिहून, रेघा ओढून तिरकी वजाबाकी केली (९० − ७० आणि ७० − ६०) की २० आणि १०, म्हणजे २:१ येतं. पण त्यातले २ कुणाचे नि १ कुणाचा, इथे माझी दर वेळी गफलत होते.

उत्तर : लाजू नका. मी भर वर्गात फळ्यावर हेच उलटं मांडलंय. स्वस्त १५ किलो, महाग ३० किलो असं लिहून खाली ऐटीत रेघसुद्धा ओढली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, हे तर ८०चं झालं!” तिने तोंडीच केलं होतं : १५ × ६० म्हणजे ९००, ३० × ९० म्हणजे २७००, एकूण ३६००, भागिले ४५. मी मुकाट्याने डस्टर उचललं.

आकडेमोडीआधी नुसतं बघा. ७० हा आकडा ६०च्या जवळ आहे ना? मग ६०चाच माल जास्त लागणार. का, तेही सांगते. स्वस्त माल ७०ने गेला की किलोमागे १० सुटतात, महाग माल ७०ने गेला की किलोमागे २०ची खोट बसते. महागाच्या एका किलोची खोट भरून काढायला स्वस्ताचे दोन किलो हवेत. वजाबाकी तिरकी करतात ती एवढ्यासाठीच. ३० किलो स्वस्त, १५ किलो महाग. ताळा : १८०० + १३५० = ३१५०, भागिले ४५, बरोबर ७०.

ही युक्ती आजकालच्या क्लासवाल्यांची नव्हे बरं का. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सोन्याच्या कसासाठी हाच नियम दिलाय : हवा तो कस भारी कसातून वजा केला की हलक्या सोन्याचा वाटा मिळतो, आणि हव्या कसातून हलका वजा केला की भारी सोन्याचा.

तिरक्या रेघांवर भरवसा नसेल तर स्वस्त माल ‘क’ किलो धरून समीकरण मांडा : ६०क + ९०(४५ − क) = ३१५०. क = ३०. वेळ थोडा जास्त जातो, पण २ कुणाचे हा प्रश्नच उरत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं एक. पेपरात ७० असं सरळ क्वचितच देतात. ‘मिश्रण ८४ने विकून शेकडा २० नफा’ असं फिरवून विचारतात, आणि मुलं ८४चे २० टक्के काढून वजा करतात. येतात ६७.२०, आणि पुढचं सगळं फसतं. नफा खरेदीवर मोजायचा असतो, म्हणून ८४ भागिले १.२. ते ७० हातात आल्याशिवाय तिरक्या रेघा ओढू नका.